इंजिन गेले, गाडी राहिली

हॉट रॉड म्हणजे जुन्या अमेरिकी मोटारीचा सांगाडा आणि त्यात बसवलेले, मुळात त्या मोटारीचे नसलेले इंजिन. मडगार्ड काढलेली, बॉनेट उतरवलेली, पुष्कळदा छप्पर कापून बुटकी केलेली अशी गाडी घरच्या गॅरेजात तयार होते. काम करणारा बहुधा एकटाच असतो, फार तर दोनचार मित्र हाताशी असतात. तिच्या रंगाबद्दल, चाकांबद्दल, घाटाबद्दल भरपूर लिहिले गेले आहे. पण या छंदाचा इतिहास खरे तर इंजिने निकामी होण्याचा इतिहास आहे. सामान्य मोटारमालकाचे इंजिन गेले की तो तसलेच दुसरे बसवून घेई. हॉट रॉडवाला भंगाराच्या वाड्यात जाई आणि गेलेल्यापेक्षा मोठे काय मिळते ते पाही. कोणते इंजिन चांगले, हे शर्यतींनी ठरवले असे सांगितले जाते. त्या त्या वर्षी भंगारात काय येऊन पडले होते, याने ते बहुधा त्याहून जास्त ठरवले.

दक्षिण कॅलिफोर्नियात हा प्रकार १९२० च्या दशकात सुरू झाला. 'हॉट रॉड' हा शब्द दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस रूढ झाला. त्याआधी अशा गाडीला 'गाऊ जॉब' म्हणत. कच्चा माल होता फोर्डची मॉडेल टी. १९०८ ते १९२७ या काळात तिच्या सुमारे दीड कोटी गाड्या बनल्या, त्यामुळे जुनी टी कुठेही आणि जवळजवळ फुकट मिळे. तिचे चार सिलिंडरचे, १७७ घनइंचांचे, म्हणजे सुमारे २.९ लिटरचे इंजिन २० अश्वशक्ती देई. त्यात तेलाचा पंप नव्हताच. फिरणारे फ्लायव्हील तेल उडवी, त्यातले थोडे एका नळीतून पुढच्या टोकाला जाई, आणि कनेक्टिंग रॉड खालच्या पन्हाळींत बुडून आपापल्यापुरते तेल शिंपडून घेत. बेअरिंगे बॅबिट नावाच्या मऊ पांढऱ्या धातूची, जागच्या जागी ओतलेली असत. ताशी तीस-पस्तीस मैलांच्या चालीला हे सगळे वर्षानुवर्षे निभावून जाई.

मोजावे वाळवंटातल्या कोरड्या तळ्यांवर मात्र ते निभत नसे. उन्हाळ्यात या तळ्यांचा तळ फरशीसारखा सपाट आणि टणक होतो. त्यांतले सर्वांत मोठे म्युरॉक. तिथे वस्ती करणाऱ्या कोरम बंधूंच्या आडनावाची इंग्रजी अक्षरे उलटी लिहून हे नाव तयार झाले. लॉस एंजेलिसची पोरे शनिवारी रात्री निघून पहाटे तिथे पोचत आणि मैलोन्‌मैल अॅक्सलरेटर दाबून गाडी पळवत. पूर्ण वेगात सलग धावताना शिंपडलेले तेल पुरेना, बॅबिट वितळे, रॉड ठोके देऊ लागे, आणि तरीही पाय उचलला नाही तर रॉड तुटून ब्लॉकची भिंत फोडून बाहेर येई. जास्त ताकद मिळवायची पहिली वाट म्हणजे सुधारित हेड, सिलिंडरांवरचे झाकण. यात सर्वांत नावाजलेले हेड फ्राँटनॅक कंपनीचे, आणि ती कंपनी लुई शेवरोले व त्याच्या भावांची. शेवरोले मोटारीला आपले नाव देऊन त्या कंपनीतून बाहेर पडलेला माणूस फोर्डच्या गाड्यांना वेग विकत होता. पुढच्या तीस वर्षांत जे घडले त्याची ही नांदीच म्हणायची.

दुसरी वाट म्हणजे इंजिनच बदलणे. १९२७ च्या अखेरीस आलेल्या मॉडेल ए चे इंजिन २००.५ घनइंचांचे आणि ४० अश्वशक्तीचे, म्हणजे टीच्या नेमके दुप्पट ताकदीचे होते. अपघातात सापडलेल्या मॉडेल ए भंगारात येऊ लागल्या तशी त्यांची इंजिने टीच्या हलक्या गाड्यांत शिरली. १९३२ च्या मॉडेल बी मध्ये मेन बेअरिंगना दाबाने तेल मिळू लागले, म्हणून चार सिलिंडरवाल्यांनी तो ब्लॉक कित्येक वर्षे सोडला नाही. पण त्याच वर्षी फोर्डने दुसरेही एक इंजिन बाजारात आणले होते.

३१ मार्च १९३२ ला फोर्डची व्ही-८ मोटार जाहीर झाली. २२१ घनइंच, म्हणजे ३.६ लिटर, आणि ६५ अश्वशक्ती. आठ सिलिंडरची इंजिने महागड्या गाड्यांत आधीपासून होती. त्यांचे ब्लॉक बहुधा दोन-तीन तुकड्यांत ओतून बोल्टांनी जोडत. हेन्री फोर्डचा हट्ट असा की दोन्ही बाजूंचे सिलिंडर आणि खालचा क्रँककेस मिळून एकच ओतकाम हवे. असंख्य ओतकामे वाया घालवून कारखान्याने ते जमवले, आणि आठ सिलिंडर साध्या माणसाच्या गाडीत आले. या इंजिनाचे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून सिलिंडरच्या बाजूला ब्लॉकमध्येच असत, त्यामुळे हेड म्हणजे निव्वळ एक सपाट झाकण उरे. त्यावरून त्याला फ्लॅटहेड हे नाव पडले.

ज्या युक्तीने ते स्वस्त झाले तिच्याच पोटी त्याचे दुखणे होते. व्हॉल्व्ह दोन्ही ओळींच्या मधल्या खोबणीच्या बाजूला, आणि सायलेन्सरचे पाइप बाहेरच्या बाजूला. म्हणून जळालेला वायू ब्लॉकच्या आतूनच, सिलिंडरांच्या मधून, थंड पाण्याच्या कप्प्यांना चाटत पलीकडे न्यावा लागे. शिवाय प्रत्येक ओळीतल्या मधल्या दोन सिलिंडरांना मिळून एकच वाट होती. चार सिलिंडरांना बाहेर तोंडे तीनच. सायलेन्सरमधून जायची उष्णता अशी आधी पाण्यात उतरे. दोन पाण्याचे पंप दिलेले असूनही चढावर आणि उन्हात रेडिएटर उकळे. तापणे-निवणे असे शेकडो वेळा झाले की ब्लॉकला बारीक भेगा पडत, विशेषतः व्हॉल्व्हची बैठक आणि सिलिंडरचे तोंड यांमधल्या अरुंद पट्टीत. ही भेग डोळ्यांना दिसत नाही. ब्लॉक चुंबकित करून वरून लोखंडाची पूड टाकली की पूड भेगेवर रेघ धरते. अशी रेघ सिलिंडरपर्यंत उतरली असेल तर त्या ब्लॉकचा नाद सोडलेला बरा.

क्रँक फक्त तीन मेन बेअरिंगांवर फिरे. मूळ ६५ अश्वशक्तीला ते पुरेसे होते. इंजिन चढवून ताकद दुप्पट-तिप्पट केली की क्रँक लवे आणि बेअरिंगे खाई.

इंजिन गेलेल्या साध्या फोर्डमालकाला सोय होती. जुने इंजिन देऊन कारखान्याने दुरुस्त केलेले घेऊन जाण्याची योजना फोर्डने १९३० च्या दशकात चालवली, आणि पुढे सीअर्ससारख्या घरपोच माल पाठवणाऱ्या पेढ्यांच्या सूचिपत्रांतही नवे केलेले इंजिन मिळू लागले. एक काढायचे, दुसरे बसवायचे, दिवसाभराचे काम. हॉट रॉडवाल्यांची वाट वेगळी पडली, कारण फोर्डच्या इंजिनांचे बाहेरचे माप फारसे बदलत नव्हते आणि आतली ताकद बदलत होती. १९३४ पर्यंत ती ८५ अश्वशक्तीवर गेली. १९३९ च्या मर्क्युरीत हेच इंजिन २३९ घनइंचांचे आणि ९५ अश्वशक्तीचे झाले. १९३२ चे इंजिन गेल्यावर १९३९ चे मिळत असेल तर जुनेच माप कोण बसवणार? अडचणी आल्या तरी किरकोळ. १९३७ पासून पाण्याचे पंप हेडमधून ब्लॉकवर आले आणि पंपांच्याच पायांवर इंजिनाचा पुढचा भार टेकू लागला, त्यामुळे जुन्या चासीवर नवे पाय वेल्ड करावे लागत, एवढेच.

१९३७ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या क्लबांनी मिळून एक संघटना काढली आणि १९३८ पासून तळ्यांवरच्या शर्यती तिच्या देखरेखीखाली होऊ लागल्या. त्याच सुमारास व्हिक एडेलब्रॉक यांनी दोन कार्ब्युरेटर बसणारे मॅनिफोल्ड बनवले. एड विनफील्ड व्हॉल्व्ह उघडणारे कॅम घासून देत. सुटे भाग विकणारी दुकाने निघाली. फेब्रुवारी १९४२ मध्ये नागरी मोटारींचे उत्पादन थांबले, म्युरॉक लष्कराकडे गेले आणि पुढे तिथे एडवर्ड्‌स हवाई तळ झाला. मंडळी एल मिराज या शेजारच्या तळ्यावर सरकली, ती आजतागायत तिथेच आहेत.

युद्धाने या छंदाला दोन गोष्टी दिल्या: यंत्रकाम शिकून परतलेली हजारो तरुण माणसे, आणि लष्करी भंगार. लढाऊ विमानांच्या पोटाखाली टांगायच्या जादा पेट्रोलच्या टाक्या थेंबाच्या आकाराच्या असत. त्या विकत घेऊन आत एक माणूस आणि एक फ्लॅटहेड बसवला की शर्यतीची गाडी तयार. अॅलेक्स झिडियस यांच्या सो-कॅल स्पीड शॉपची अशी टाकी १९५२ मध्ये बोनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर उतरली. एकाच सप्ताहात इंजिन काढून दुसरे, मग तिसरे बसवत तिने तीन वर्गांत विक्रम केले. सर्वांत मोठ्या इंजिनावर ती ताशी १९८ मैलांपर्यंत पोचली. तिथल्या मिठावर इंजिन बदलणे म्हणजे ओव्हरांच्या मध्ये हातमोजे बदलण्याइतके सहज काम झाले होते.

ताकद वाढवायची ठरलेली वाट म्हणजे १९४९ च्या मर्क्युरीचा क्रँक. त्याचा स्ट्रोक पूर्ण ४ इंच, आणि तो थोड्या कामाने जुन्या ब्लॉकमध्ये बसे. सिलिंडर ३ ३/८ इंचांपर्यंत बोअर केला की २८६ घनइंच होत. स्ट्रोक आणखी १/८ इंच वाढवला की सुमारे २९५. त्याच्या पुढे लोखंडच संपे. बोअर मारताना भिंत इतकी पातळ होई की पाण्याचा कप्पा हाती येई आणि ब्लॉक तिथेच भंगारात जाई. १९५० च्या सुमारास फ्लॅटहेडकडून घेण्यासारखे जवळजवळ सगळे घेऊन झाले होते. १९५३ नंतर अमेरिकेत फोर्डनेही ते बनवणे सोडले.

तोवर दुसरीकडे नवी पिढी आली होती. १९४९ मध्ये कॅडिलॅक आणि ओल्ड्‌समोबिल यांनी व्हॉल्व्ह हेडमध्ये असलेली व्ही-८ इंजिने काढली. पहिले ३३१ घनइंच व १६० अश्वशक्तीचे, दुसरे ३०३ घनइंच व १३५ अश्वशक्तीचे. १९५१ मध्ये क्रायस्लरने अर्धगोल दहनकक्षांचे १८० अश्वशक्तीचे इंजिन आणले. सगळे जोडकाम करून, महागडे भाग घालून फ्लॅटहेड जिथे पोचे, तिथून ही इंजिने कारखान्यातच सुरुवात करत. अर्थात ती महागड्या गाड्यांत होती. वर्ष-दोन वर्षांत अपघात होऊन त्या गाड्या भंगारात येईपर्यंत थांबावे लागे. फ्लॅटहेड फुटलेला मालक आता कॅडिलॅक कधी येते याची वाट पाहत भंगारवाल्याकडे खेपा घालू लागला.

आल्यावर मात्र प्रश्न पडे, ते फोर्डला जोडायचे कसे? फोर्डचा गिअरबॉक्स, त्यातही १९३९ चा, लोकांना सोडायचा नव्हता. मग इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये अॅल्युमिनियमची जाड चकती घालत. तिच्या एका अंगाला कॅडिलॅकच्या भोकांचा नकाशा आणि दुसऱ्या अंगाला फोर्डच्या. तिला अडॅप्टर म्हणतात. या चकत्या ओतून विकणे हा एक स्वतंत्र धंदाच झाला. पुढे गिअर बदलण्याच्या दांड्यांमुळे घरोघरी माहीत झालेल्या हर्स्ट कंपनीचा पहिला माल म्हणजे परक्या इंजिनांसाठी बनवलेले पाय, आपल्याकडचे मिस्त्री ज्यांना फाउंडेशन म्हणतात ते. अडचण वजनाची राहिली. कॅडिलॅकचे इंजिन सुमारे ७०० पौंडांचे. जुन्या फोर्डचे नाक त्याने खाली जाई आणि सुकाणू जड होई. तरी दूरचित्रवाणीवर १९५८ पासून चाललेल्या 'सेव्हन्टी सेव्हन सनसेट स्ट्रिप' या मालिकेत जी छोटी टी गाडी देशभर गाजली, तिच्यात कॅडिलॅकच होते.

१९५५ मध्ये शेवरोलेने २६५ घनइंचांचे व्ही-८ काढले आणि हा सगळा गोंधळ एका दमात मिटवला. एड कोल यांच्या हाताखाली आखलेल्या या इंजिनाचे ओतकाम पातळ भिंतींचे होते, रॉकर आर्म ओतीव नसून पत्रा दाबून केलेले, क्रँक पाच मेन बेअरिंगांवर. ताकद १६२ अश्वशक्तीपासून पुढे, आणि वजन ५७५ पौंडांच्या आसपास, म्हणजे फ्लॅटहेडहून थोडेच अधिक. मुख्य म्हणजे ते स्वस्त मोटारीत होते. लाखोंनी खपणाऱ्या गाडीचे इंजिन लाखोंनी भंगारात येते. पहिल्या वर्षीच्या ब्लॉकवर तेलाच्या फिल्टरला जागाच नव्हती, आणि तेल पिण्याची खोडही होती. दोन्ही दोष लवकर गेले. पुढे २८३, ३२७, ३५० अशी मापे वाढत गेली, पण बाहेरचा आकार, पायांच्या जागा आणि गिअरबॉक्सची तोंडे जवळजवळ तीच राहिली. फोर्डची जुनी युक्ती शेवरोलेने उचलली होती: एक गेले की त्याच जागी मोठे बसवा.

१९३२ च्या फोर्डमध्ये, तिच्या चाहत्यांच्या भाषेत 'ड्यूस' मध्ये, फ्लॅटहेड काढून हे इंजिन घालायचे तर काय काय करावे लागे ते जवळून पाहण्यासारखे आहे. आधी पाणी-तेल काढून रेडिएटर आणि पुढची जाळी उतरवायची. फोर्डचा प्रोपेलर शाफ्ट एका नळीत बंद असे आणि ती नळी मागच्या अॅक्सलला घट्ट जोडलेली, म्हणून गिअरबॉक्स सुटा करायचा तर आख्खा मागचा अॅक्सल चार-सहा इंच मागे ढकलावा लागे. मग गॅरेजच्या तुळईला किंवा परसातल्या झाडाच्या फांदीला चेनकप्पी टांगून, इंजिनाची शेपटी खाली आणि नाक वर करून ते बाहेर घेत. मडगार्ड आणि बॉनेट नसल्याचा फायदा इथे कळतो; चारी बाजूंनी उभे राहता येते. जाणते लोक पूर्ण इंजिन लगेच आत ठेवत नसत. पिस्टन-क्रँक काढलेला रिकामा ब्लॉक आधी ठेवून, सगळी मापे घेऊन, पाय वेल्ड करून मगच खरे इंजिन भरत. क्रँकची रेषा मागच्या बाजूला सुमारे तीन अंश उतरती ठेवायची, म्हणजे कार्ब्युरेटरची बैठक समतल येते.

ब्लॉक आत गेला की पहिली अडचण भिंतीशी. फ्लॅटहेडचा डिस्ट्रिब्युटर, आपल्या गॅरेजांत ज्याला डेल्को म्हणतात तो, इंजिनाच्या पुढच्या टोकाला होता. शेवरोलेचा अगदी मागे. तो नेमका फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि बैठक यांमधल्या पत्र्यावर, येऊन आदळे. इंजिन पुढे घ्यावे तर पंखा रेडिएटरमध्ये घुसे. शेवटी फायरवॉलला मधोमध चौकोनी भोक पाडून आत पत्र्याचा खळगा वेल्ड करत, आणि चालकाच्या शेजारी बसणाऱ्याचे गुडघे तेवढे आखडत. सुकाणूचा डबा डावीकडे, शेवरोलेचा सेल्फ उजवीकडे, हा योग चांगला होता. डावीकडच्या सायलेन्सरच्या तोंडाला मात्र जागा कमी पडे. त्यावर शेवरोलेचेच मेंढ्याच्या शिंगांसारखे वळलेले मॅनिफोल्ड उपयोगी पडले, कारण त्याचा पाइप मधोमध सरळ खाली उतरतो.

पुढच्या अॅक्सलला धरून ठेवणारा इंग्रजी व्हीच्या आकाराचा दांडा, विशबोन, मागे गिअरबॉक्सखाली एका गोळ्यावर टेकलेला असे. नवा गिअरबॉक्स आणि चेंबर, म्हणजे इंजिनाखालचे तेलाचे भांडे, त्याच्या आड येत. म्हणून विशबोन मधोमध कापून दोन्ही टोके बाजूच्या चासीपट्ट्यांना बांधत. दिसायला साधे काम. पण पुढचा अॅक्सल आधी एका बिंदूभोवती मोकळा डुले तो आता दोन बिंदूंत पिळू लागे. गाड्या तशाही चालल्या.

अडॅप्टर बसवताना मात्र हयगय चालत नाही. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या तोंडाचा मध्य एका रेषेत हवा. फ्लायव्हीलवर डायल गेज लावून हाताने एक फेरा मारायचा; काटा इंचाच्या पाच हजारांशांहून जास्त हलला तर भोकांच्या पिना बदलून पुन्हा बसवायचे. हे न करणाऱ्याचा गिअरबॉक्स काही महिन्यांत आवाज करू लागे आणि दोष इंजिनाला मिळे.

रेडिएटरही बदले. फ्लॅटहेडला दोन पंप, म्हणून रेडिएटरला वर दोन आणि खाली दोन तोंडे. शेवरोलेला वर एक, खाली एक. जुन्या रेडिएटरची टाकी कापून कथील-शिशाच्या डाकाने नवे तोंड बसवणारे कारागीर गावोगाव होते. वीज तर सगळीच बदलावी लागे: जुनी फोर्ड सहा व्होल्टांची आणि तिच्या बॅटरीचे धन टोक चासीला जोडलेले, १९५५ ची शेवरोले बारा व्होल्टांची आणि ऋण टोक चासीला. दिवे, हॉर्न, डायनामो, पेट्रोलचा काटा, सगळ्यांची अदलाबदल. मागच्या अॅक्सलचे जुने शाफ्ट दुप्पट ताकदीला तुटत, त्यामुळे पुढे फोर्डचाच १९५७ नंतरचा नऊ इंची अॅक्सल घालायची चाल पडली. ब्रेकचे वेगळेच. १९३८ पर्यंत फोर्डचे ब्रेक दांड्यांवर आणि तारांवर चालत. १९३९ चे तेलाच्या दाबाचे ब्रेक जुन्या अॅक्सलला बसतात हा शोध या छंदातल्या सर्वांत उपकारक शोधांपैकी एक समजला पाहिजे.

सुरू करण्याआधी शेवटची एक युक्ती आहे. शेवरोलेचा तेलाचा पंप डिस्ट्रिब्युटरच्या दांड्याने फिरतो. म्हणून डिस्ट्रिब्युटर बाहेर काढून त्या जागी एक जुना दांडा घालायचा आणि हातातल्या ड्रिलने पंप फिरवायचा. रॉकर आर्मवर तेल दिसले की समजावे सगळीकडे पोचले. मग डिस्ट्रिब्युटर परत बसवून इंजिन सुरू करायचे आणि नवा कॅम असेल तर पहिली वीस मिनिटे दोन हजार फेऱ्यांच्या खाली येऊ द्यायचे नाही. संथ चालीत कॅमला तेल कमी मिळते आणि नवा कॅम पहिल्या दिवशीच झिजतो. एक इंजिन फुटले म्हणून सुरू झालेल्या कामात शेवटी मूळ गाडीची चासी आणि बॉडी एवढेच बहुधा शिल्लक राहत असे.

फोर्डच्या भक्तांना हे सगळे बोचत होते. १९६२ मध्ये फोर्डनेही छोटे व्ही-८ काढले, आणि गंमत अशी की त्याचे पहिले माप पुन्हा नेमके २२१ घनइंच. त्याचा डिस्ट्रिब्युटर पुढे असल्यामुळे फायरवॉल शाबूत राहते. पण पुढचा पंप लांब, चेंबर पुढच्या बाजूला खोल, आणि भंगारात ते शेवरोलेइतके कधीच नव्हते. १९७३ च्या 'अमेरिकन ग्राफिटी' या चित्रपटात १९६२ सालची एक रात्र दाखवली आहे. त्यातल्या पिवळ्या ड्यूसमध्ये शेवरोलेच आहे.

१९६० च्या दशकात कारखानेच वेगवान गाड्या विकू लागले आणि घरी गाडी बांधण्याची गरज ओसरली. निव्वळ छंद म्हणून गाडी बांधणे परत आले ते १९७० मध्ये. त्या वर्षी इलिनॉयमधल्या पिओरिया इथे देशभरातल्या जुन्या गाड्यांचा पहिला मोठा मेळावा भरला. याच काळात इंजिन बदलण्याचे स्वरूपही पालटले. शेवरोलेचे ३५० घनइंची नवे इंजिन लाकडी खोक्यात भरलेले, दुकानातून सरळ विकत मिळू लागले. त्यासाठी पाय, पाइप, रेडिएटर, वायरिंग असे सगळे तयार मिळत असे. गेलेल्या ३५० च्या जागी तसलेच ३५० बसू लागले, म्हणजे हॉट रॉडवाला पन्नास वर्षांनी सामान्य मोटारमालकासारखा वागू लागला.

१९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये आलेल्या एलएस-१ ने पुन्हा जुनी घडी मोडली. ५.७ लिटर, अॅल्युमिनियमचा ब्लॉक, ३४५ अश्वशक्ती. त्याचीच लोखंडी भावंडे १९९९ पासून पिकअप ट्रकांत बसली आणि दहा वर्षांत ट्रकांच्या भंगारातून स्वस्तात मिळू लागली. भंगाराचा नियम तोच, फक्त काम पान्यावरून वायरींवर गेले. कार्ब्युरेटरला पाच-सात पौंडांचा पेट्रोलचा दाब पुरे. या इंजिनाला ५८ पौंड लागतो. म्हणून पेट्रोलची टाकी, आतला पंप, नळ्या, फिल्टर सगळे नवे. संगणकाला शंभराच्या घरात वायरी. त्यांतल्या निम्म्या जुन्या गाडीत निरुपयोगी, आणि नको असलेल्या कोणत्या ते ओळखून कापणे हे आता या कामातले खरे कसब.

कायद्याने इंजिनाकडे गाडीची ओळख म्हणून फार आधीपासून पाहिले. मॉडेल ए चा क्रमांक इंजिनाच्या ब्लॉकवरच ठोकलेला असे, त्यामुळे इंजिन बदलले की कागदोपत्री गाडीच बदलल्यासारखी होई. चासीवरचा तोच क्रमांक बॉडीखाली झाकलेला. पुढे प्रदूषणाचे नियम आले. कॅलिफोर्नियात १९७६ पासूनच्या गाडीत बदली इंजिन घालायचे तर ते गाडीच्याच वर्षाचे किंवा नंतरचे आणि आपल्या सर्व प्रदूषणरोधक सामानासह असावे लागते. त्याआधीच्या गाड्या तपासणीतून मोकळ्या. नव्याने बांधलेल्या, पण जुन्यासारख्या दिसणाऱ्या गाड्यांसाठी २००१ च्या एका कायद्याने वर्षाला ५०० परवाने ठेवले; त्यांत नियम बॉडी ज्या सालची दिसते त्या सालचे किंवा इंजिनाच्या सालचे लागू होतात.

फ्लॅटहेड मात्र संपला नाही. अमेरिकेत बंद झाल्यावरही फ्रान्समध्ये त्याचे उत्पादन चालू राहिले आणि फ्रेंच लष्कराचे ट्रक कित्येक दशके त्याच्यावर धावले. लष्कराने राखून ठेवलेले, कधीच न वापरलेले ब्लॉक विकायला काढले तेव्हा ते अमेरिकेत परतले. भेग नसलेला जुना ब्लॉक मिळणे तोवर कठीण झाले होते, आणि हा तर कोरा. शेवरोले फुटलेल्या काही ड्यूसमध्ये आता तो बसतो. त्यासाठी सगळे उलटे करावे लागते: डिस्ट्रिब्युटरसाठी पाडलेला फायरवॉलचा खळगा कापून तिथे सपाट पत्रा वेल्ड करायचा, आणि रेडिएटरला पुन्हा वर दोन, खाली दोन तोंडे. बारा व्होल्ट तेवढे बहुतेक जण तसेच ठेवतात, कारण सहा व्होल्टांच्या दिव्यांत रात्री रस्ता नीट दिसत नाही.